राजपत्राचे सउचकी वाचन

राजे जातात, राण्या जातात, राज्य तर कधी गेलं हे पुष्कळांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळतं. सही मात्र मागे उरते. मनुष्यजातीच्या या मूलभूत सत्यावर हिलो गावच्या 'हवाई राजपत्र व स्वाक्षरी संग्राहक मंडळा'ची उभारणी झालेली आहे. (मंडळाला स्वतःची जागा नाही. सभा चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरते, तीही बायकांचा हुला नाचाचा वर्ग नसेल तेव्हाच.)

हवाईच्या राजघराण्यानं एके काळी पत्रं फार लिहिली. लिहिणं नवीन होतं, कागद नवीन होता, आणि नव्या नवरीच्या उत्साहानं सगळी बेटंच्या बेटं एकमेकांना पत्रं लिहीत सुटली होती. त्यामुळे हिलोतल्या एखाद्या जुन्या घरात राजघराण्यातलं पत्र निघणं यात अशक्य काही नाही. अशक्य आहे ते हिलोच्या हवेत ते टिकणं. इथे वहाणांना बुरशी येते, तिथे कागदाची काय कथा! जे काही टिकतं त्याची मंडळानं मोठ्या कसोशीनं प्रतवारी लावली आहे. पूर्ण पत्र आणि पूर्ण सही, हा पहिला वर्ग. सही शाबूत पण पत्र वाळवीनं खाल्लेलं, हा दुसरा. पत्र शाबूत पण नेमकी सहीच खाल्लेली, हा तिसरा. (या वर्गातल्या सभासदांकडे कोणी डोळ्याला डोळा भिडवून बघत नाही.) चौथ्यात नुसती पाकिटं येतात. आणि ज्यांच्या आजीनं अशी एखादी सही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, ते सभासद पाचव्या वर्गात. पाचव्या वर्गाला मत नाही, पण जेवण आहे.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर अँब्रोज काउही हे निवृत्त दंतवैद्य. सही खरी की खोटी हे ते दात बघायच्या आरशातून ठरवतात. खरी सही मुळात घट्ट असते, असं त्यांचं मत आहे, आणि त्यावर आजवर कोणी वाद घातलेला नाही, कारण मंडळातल्या अर्ध्या लोकांचे दात त्यांनीच काढलेले आहेत.

पत्रातल्या मजकुराला मात्र मंडळ किंमत देत नाही, आणि ते योग्यच आहे. मजकूर वाचल्यामुळे सहीची किंमत वाढली असं एकही उदाहरण मंडळाच्या दप्तरी नाही. शिवाय बहुतेक सभासदांना आपलीच हवाई भाषा नीट येत नाही. त्यांच्या आयांना शाळेत हवाई भाषेत बोललं म्हणून छड्या बसल्या होत्या. आयांनी छड्या खाल्ल्या आणि भाषा पोटात ठेवली, मुलांना दिली नाही. (हे विनोद म्हणून सांगत नाही.) तेव्हा रीत अशी पडली, की खरं ठरलेलं पत्र काचेत बसवताना मजकुरावर जाड पुठ्ठा चढवायचा आणि सहीपुरती खिडकी ठेवायची. त्याआधी मालकानं वार्षिक सभेत ते एकदा, एकदाच, मोठ्यानं वाचायचं. याला 'अंतिम वाचन' म्हणतात. त्यानंतर जेवण असतं.

लोपाका काहालेवाई यांच्या पत्राचं अंतिम वाचन व्हायला नऊ वर्षं लागली. लोपाका पाणीखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. (नावातच अर्धा काका असल्यानं आपल्या माणसाला त्यांना वेगळं काका म्हणायची गरज पडत नाही.) त्यांच्या पणजीला राजकन्या काहीलिओपुआ हिनं लिहिलेलं एका ओळीचं पत्र त्यांना आईच्या बायबलमध्ये सापडलं. ही राजकन्या शाळेच्या पुस्तकात नाही, कारण ती फारच धाकट्या पातीची. पण पात धाकटी असली तरी सही लांबलचक होती. ती खरी ठरावी म्हणून लोपाकांनी नऊ वर्षं जीव टाकला. पणजीच्या बाप्तिस्म्याचा आणि शाळेचा दाखला आणला, राजकन्येच्या आणखी दोन सह्या होनोलुलूला जाऊन काढून आणल्या, आणि वरच्या दाढांचा एक पूल डॉक्टरांकडून गरज नसताना बसवून घेतला.

खरं तर मंडळाच्या शिक्क्याची त्यांना मानासाठी हाव नव्हती. किंवा होती, पण थोडीच. ती एक ओळ घरात सगळ्यांना तोंडपाठ होती: "ए होइहोइ इ का उमेके." म्हणजे, "उमेकेत आनंद माना." उमेके म्हणजे पोई ठेवायचा मोठा लाकडी वाडगा, पोई म्हणजे अळूचे कंद कुटून केलेली दाट लापशी, जिच्याशिवाय हिलोत जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. तो वाडगाही घरातच होता, पणजीच्या काळापासूनचा. लोपाकांची आई त्या एका ओळीवर आयुष्य जगली. दारात कोणी आलं की आधी त्याच्यापुढे वाडगा, मग नाव-गाव. घरात कमी असलं तरी वाडगा भरलेला. "राजकन्येची आज्ञा आहे," म्हणायची, "वाटून खा नि आनंद माना." आई गेल्यावर लोपाकांनी बाकीचं सामान भावंडांत वाटलं, वाडगा मात्र कोणाला हात लावू दिला नाही.

सभेच्या दिवशी तो वाडगा पत्राशेजारी टेबलावर मांडला होता. मोकळा बरा दिसत नाही म्हणून बायकोनं, लेइमोमीनं, त्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा भरल्या. या वेळी जेवण आधी ठेवलं होतं, कारण हुलाच्या वर्गाला हॉल लवकर आणि धुऊनपुसून हवा होता, आणि मंडळाच्या इतिहासात जी काही उलथापालथ झाली ती या एका बदलामुळे झाली.

"मिरचीचं पाणी बेतानं घ्या हं," लेइमोमी म्हणाली. "वाचायचंय तुम्हाला."

"नऊ वर्षं थांबलोय मी. आज घेऊ दे."

त्यांनी डुकराच्या मांसावर मिरचीचं पाणी ओतलं, नुसतं ओतलं नाही तर लोटलं, आणि डॉक्टर काउहींनी त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांना उचकी लागली.

उचकी म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय, असं आपल्याकडे मानतात. त्याचं नाव घेतलं की उचकी थांबते. पण लोपाकांची आठवण त्या क्षणी कोण काढत होतं, हे सांगायला तिथे कोणी मराठी माणूस नव्हता. त्यांनी पाणी प्यायलं, श्वास कोंडला, कोणीतरी पाठीत धपाटा घातला. शेवटी हुलाच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी चष्मा लावला, पत्र हातात धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"ए हो—उक्—इहो—उक्—इ इ का उमेके!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मधोमध नोहेआ केकौओहा खुर्चीवरून उठली. नोहेआ लोपाकांपेक्षा चार वर्षांनी मोठी. चारचौघांत ते तिला आंटी म्हणत, भांडताना नोहेआ. ती राजकन्या काहीलिओपुआच्या सख्ख्या भावाची पणती होती, पण तिच्याकडे एकही पत्र नव्हतं. राजघराणं स्वतःला पत्रं लिहीत नसल्यानं बिचारी पाचव्या वर्गात होती. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून तिनं भाषेच्या वर्गात नाव घातलं होतं आणि आता तिला ती भाषा चांगली येत होती. (याकडे मंडळानं दुर्लक्ष केलं होतं.)

"लोपाका," ती म्हणाली, "पुन्हा वाच बघू."

"ए हो—उक्—इहो—उक्—इ..."

"अगं बाई! बरोबर वाचतोय! जन्मात पहिल्यांदा बरोबर वाचतोय हा!"

गोष्ट अशी आहे. हवाई भाषेत काही शब्दांत मधेच घसा अडवावा लागतो. हल्ली त्यासाठी एक खूण लिहितात. जुन्या काळी ती कोणी लिहीत नसे, कारण वाचणाऱ्याला घसा कुठे अडवायचा हे कळतच असे. 'होइहोइ' सरळ म्हटलं तर आनंद मानणं, मजा वाटणं. तोच शब्द दोनदा घसा अडवून म्हटला, तर परत करणं. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करायला कोणा कारस्थानी माणसाचा हात लागला होता. हिलोत 'मा'चा 'ध' मिरचीच्या पाण्यानं केला.

"ती आनंद माना नाही म्हणत," नोहेआ म्हणाली. "वाडगा परत कर म्हणतेय!"

हॉलमधल्या सगळ्या नजरा टेबलाकडे वळल्या. त्या वेळी डॉक्टर काउहींचा हात वाडग्यात होता. तो त्यांनी शेंगांसकट बाहेर घेतला.

"अहो, सव्वाशे वर्षांवर होऊन गेली त्याला!" लोपाका म्हणाले. उचकी आता साफ थांबली होती.

"गेली ना. पण निरोप आज पोचला."

"आंटी, हा माझ्या आईचा वाडगा आहे."

"तुझ्या आईकडे होता, एवढंच. माझी छत्री तुझ्याकडे आहे म्हणून ती काय तुझी झाली?"

"छत्री? कुठली छत्री?"

"ते नंतर बघू," नोहेआ म्हणाली.

हुलाच्या बायकांनी आपले ढोल आत आणले आणि सभा संपल्याचं जाहीर झालं.

त्या रात्री लोपाकांना जेवण गेलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर असं पुष्कळांचं होतं, पण आड आणि विहीर दोन्ही स्वतःच नऊ वर्षं खणण्याचा मान थोड्यांनाच मिळतो. पत्र खरं असेल तर वाडगा नोहेआचा. वाडगा आपला ठेवायचा तर पत्र खोटं पाहिजे. यात तिसरी वाट नव्हती. शिवाय जीव जळत होता तो वेगळ्याच गोष्टीनं. आई जन्मभर ज्या ओळीवर जगली ती ओळ म्हणजे उसनवारीचा तगादा निघाला. हे आईला कळलं नाही हे बरं झालं, असं ते चारदा म्हणाले आणि चारही वेळा वाडगा पुसून पुन्हा जागेवर ठेवला.

सकाळी उठून त्यांनी मंडळाकडे अर्ज केला, की आपलं पत्र खोटं ठरवावं. मंडळाच्या इतिहासात असा अर्ज पहिलाच. खास सभा बोलावली गेली. लोपाका तळमळीनं बोलले. ही सही उजवीकडे कलते आणि राजकन्या तर अत्यंत सरळ बाई होती, असं त्यांनी सांगितलं. कागद नंतरचा असावा. शाईही शंकास्पद आहे. फार काय, आपल्या पणजीला वाचता येत होतं यालाच पुरावा नाही.

डॉक्टर काउहींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "लोपाका, पणजीला वाचता येत होतं याचा दाखला तुम्हीच आणलात. सही उजवीकडे कलते म्हणूनच ती खरी, हे तुम्हीच मला तीन वर्षं पटवलंत. आता तुमचेच दात, तुमचेच ओठ, मी काय करू?"

"डॉक्टर, एक दात काढलात तर बिघडलं कुठे?"

"एक हलला की शेजारचे हलतात," डॉक्टर म्हणाले, आणि इथे त्यांचा चेहरा खरोखर चिंतेत पडला.

कारण शेजारचे आधीच हलायला लागले होते. वार्षिक सभेनंतर सभासदांनी घरी जाऊन दारं लावून काचांमागचे पुठ्ठे काढले होते. कोणी घसा अडवून वाचून पाहिलं, कोणी थेट मिरचीचं पाणी पिऊन. ज्यांना अर्थ लागला नाही ते एकेक करून नोहेआच्या मागच्या दारानं गेले. एका घराण्याचा राजआशीर्वाद म्हणजे खोगिराची मागणी निघाली. एकाकडून राजघराण्याचं मासे पकडायचं जाळं अजून दुरुस्त होऊन जायचं होतं. खजिनदारांच्या घरी ज्या पत्राला रोज फुलांची माळ घालत, त्यात राणीच्या घरचा कंदील 'निदान काच तरी' परत मिळावा असं लिहिलं होतं. मंडळाच्या पहिल्या वर्गातली दहातली नऊ पत्रं अशीच निघाली. उरलेल्या एकात डुकराबद्दल आभार मानले होते. ते घराणं आता तोंड लपवून फिरतं, कारण त्यांना कोणी काही उसनं दिलंच नव्हतं असा त्याचा अर्थ होतो.

विचार केला तर यात नवल काही नाही. ज्या पत्राचं काम झालं ते कोण कशाला ठेवील? आमंत्रण आलं, जेवून आलो, फेकून दिलं. आभार मानले, ऐकले, चूल पेटवली. घरात पिढ्यान्पिढ्या जपून राहतो तो कागद, ज्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, आणि जो दिसला की मनाला बोचतं, आणि बोचतं म्हणून फेकवत नाही. त्याला आपण वारसा म्हणतो. हा शोध मानवी इतिहासाच्या दृष्टीनं मोठाच होता. मंडळानं तो नोंदवून घेण्याऐवजी एकमतानं असा ठराव केला, की यापुढे कोणतंही पत्र कोणीही, अंतिमसुद्धा, वाचू नये. पुठ्ठे डिंकानं चिकटवावेत. आणि सभेच्या जेवणात मिरचीचं पाणी ठेवू नये. लोपाकांचा अर्ज फेटाळला गेला. त्यांचं पत्र कायमचं खरं राहिलं.

घरी आल्यावर ते वाडग्याकडे बघत बसून राहिले.

"द्या परत," लेइमोमी म्हणाली.

"आईचा आहे गं."

"आई असत्या तर त्याच दिवशी नेऊन दिला असता. रिकामा मात्र नसता दिला. उठा, पोई आणा."

परत करायचं भांडं रिकामं देऊ नये, हे हिलोतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. लोपाकांनी ताजी पोई आणली, वाडगा काठोकाठ भरला, वर केळीचं पान झाकलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसले. गाडी लेइमोमीनं चालवली, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं.

नोहेआनं दार उघडलं, वाडगा बघितला आणि दोन्ही हातांनी आत घेतला. पोई तिनं आपल्या पातेल्यात काढून घेतली, वाडगा धुतला, पुसला आणि उजेडात धरला. एका बाजूला चीर होती, आणि चिरेवर फुलपाखराच्या आकाराची लाकडाची पट्टी ठोकून बसवलेली होती.

"हे कोणी केलं?"

"बाबांनी. भूकंपात फळीवरून पडला होता. आई दोन दिवस जेवली नव्हती."

नोहेआनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं. "ही पट्टी नसती तर वाडगा केव्हाच चुलीत गेला असता. म्हणजे असं बघ, ठिगळ तुमचं, वाडगा आमचा."

"हो."

"मी लहान असताना याच्यातच खाल्लंय रे. तुझ्या आईनं मला एकदाही विचारलं नाही, कोणाची पोरगी म्हणून. नुसती म्हणाली, बस, खा." तिनं वाडगा खाली ठेवला. "ओळ चुकीची वाचली तिनं. पण आमच्या राजकन्येला जे लिहायला सुचलं नाही ते तिनं वाचलं."

लोपाका रडले. नोहेआही रडली. मग तिनं डोळे पुसून विचारलं, "तुझ्या आईचा वाढदिवस कधी असतो?"

"पुढच्या महिन्यात."

"मग तेवढ्यापुरता ने. पण मागून न्यायचा हं! आणि दुसऱ्या दिवशी परत."

"दुसऱ्या दिवशी," लोपाका म्हणाले. "आईशपथ."

पुढच्या महिन्यात त्यांनी तो रीतसर मागून आणला. आईचा वाढदिवस छान झाला, दारात येईल त्याला पोई वाढली. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोई चांगली मिळाली नाही, आणि रिकामा वाडगा कसा द्यायचा? नंतरच्या आठवड्यात कोणीतरी शेंगा आणून दिल्या, त्या कुठेतरी ठेवायला हव्याच होत्या. चर्चमध्ये नोहेआ भेटे. दोघं हवेबद्दल बोलत, गुडघ्यांबद्दल बोलत, एकदा तर छत्रीबद्दलसुद्धा बोलले. वाडग्याचं नाव कोणी काढलं नाही.

दिवाळी झाली म्हणू, म्हणजे त्यांचा नाताळ झाला, आणि टपालानं पत्र आलं. एकच ओळ, तीच, शब्दाला शब्द. फक्त या वेळी घसा अडवायच्या खुणा लाल पेननं, चांगल्या भुईमुगाएवढ्या काढलेल्या. खाली नोहेआचं पूर्ण नाव आणि सही.

लोपाकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि पत्र घेऊन थेट डॉक्टर काउहींकडे गेले. सही राजघराण्यातल्या हयात व्यक्तीची, पत्र पूर्ण, वाळवी नाही. डॉक्टरांनी आरसा लावून नऊ दिवसांत पहिला वर्ग दिला. आता लोपाकांच्या बैठकीत शेजारी शेजारी दोन काचा लागल्या आहेत. दोन्हींच्या मजकुरावर जाड पुठ्ठा आहे, डिंकानं चिकटवलेला. खाली वाडगा आहे. तो परत जाणारच आहे. त्यात काय भरून द्यावं एवढंच ठरायचं आहे.

तुम्ही हसला असाल. हसायलाच पाहिजे, हवाईची माणसं ती, लांबची. हसून झालं की स्वयंपाकघरात जा आणि वरच्या फळीवरचा तो स्टीलचा डबा काढा, मागे कधी कोणाकडून तरी फराळाचा आला होता तो. त्यातला रवा बाजूला काढा, डबा उपडा करा आणि तळ उजेडात धरा. नाव कोरलेलं असेल, अक्षर न् अक्षर शाबूत, वाळवी लागलेली नाही. पहिला वर्ग. नाव तुमचं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून राहिलाय, असं तुम्ही म्हणाल. लोपाकाही तेच म्हणतात.